नाव घातलेला डबा

तुम्ही चकल्या आणल्यात, फार छान केलंत. पण आधीच सांगून ठेवतो, तुमचा हा डबा मी रिकामा परत करणार आहे. धुऊन, पुसून, पण रिकामा. राग मानू नका. आपल्याकडे असं करत नाहीत हे मलाही ठाऊक आहे. दुसऱ्याचा डबा परत देताना त्यात काहीतरी घालून द्यायचं, अगदीच काही नसलं तर चिमूटभर साखर, हे मी लहानपणापासून ऐकत आलो. पण हल्ली मला ते जमत नाही. का जमत नाही ते सांगतो. बसा. दीडच वाजलाय, पण दिवा लावतो, बर्फाचं आभाळ आलं की मिनेसोटातल्या या ईडन प्रेरीत भरदुपारी घर अंधारून जातं.

ही भिंत बघता ना? हिच्या पलीकडे दुसरं घर आहे. एकाच छपराखाली दोन घरं, मधे ही एवढीशी भिंत. पलीकडे ओफेलिया नावाची मेक्सिकन बाई राहायची. वय अठ्ठ्याहत्तर, नवरा गेलेला, मुलगा रूबेन टेक्ससमध्ये. सहा वर्षं आमचा संबंध 'हॅलो'च्या पुढे गेला नव्हता. मग गेल्या सप्टेंबरात माझी आई आली.

बाबा गेल्यापासून दोन वर्षं आई हसली नव्हती. रडायची असंही नाही. वेळेवर जेवायची, गोळ्या घ्यायची, विचारलं तर 'बरं आहे' म्हणायची. नागपूरच्या फ्लॅटमध्ये ती एकटी, म्हणून सहा महिन्यांसाठी इथे आणली. इथे तरी काय, नेत्रा, म्हणजे माझी बायको, ऑफिसात, मी वरच्या खोलीत दिवसभर मीटिंगमध्ये. आई खिडकीशी बसून रस्ता बघायची, आणि आमच्या रस्त्यावर बघण्यासारखं काहीही नाही.

दिवाळीला तिने बेसनाचे लाडू केले आणि एक डबा शेजारी देऊन आली. तिच्या लग्नातला स्टीलचा डबा, बुडाला टोचून नाव घातलेलं: शरयू, १४-५-८२. तीन दिवसांनी डबा परत आला तो भरून. कणसाच्या पानात गुंडाळून वाफवलेले तामाले, आत राजम्याचं सारण. आई शाकाहारी आहे हे हातवाऱ्यांनी समजून घेतलं होतं बाईंनी. "बघ," आई म्हणाली, "यांच्यातही रिकामा डबा देत नाहीत." आणि तिने त्यात चिवडा भरला.

डबा असा इकडून तिकडे सुरू झाला आणि त्याच्यामागून आईही. मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी दोनला ती पलीकडे जायची. ओफेलियाला जुन्या मेक्सिकन विनोदी सिनेमांचं वेड होतं, आणि तेही एका खास जातीच्या. ज्यात भूत, सैतान, मेलेला नवरा असं कुणीतरी असतंच. आईला स्पॅनिश येत नाही आणि ओफेलियाला मराठी. तरी पहिल्याच मंगळवारी मी मीटिंगमध्ये असताना भिंतीपलीकडून आईचं हसणं ऐकू आलं. मोठ्याने, ठसका लागेपर्यंत. मी म्यूट केलं आणि कान देऊन बसलो. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

एकदा मीही गेलो बघायला. खाली इंग्रजी अक्षरं येत होती म्हणून मला गोष्ट कळली. सैतान एका बँडवाल्याला न्यायला येतो आणि गावकरी त्याच्याच गळ्यात भलंमोठं वाजंत्र अडकवून त्याला वरातीत फिरवतात. मग दुसरा सिनेमा. त्यात मेलेला नवरा वर्षश्राद्धाला घरी येतो आणि बायकोशी भांडतो, की मेलेल्याला घर सापडावं म्हणून घालतात ती झेंडूच्या पाकळ्यांची वाट तू शेजारणीच्या दारापर्यंत का घातलीस, मी तिकडेच जेवून आलो ना! आम्ही तिघंही हसून लोळलो.

"काय आवडतं गं तुला यात?" मी आईला नंतर विचारलं.

आईने थोडा विचार केला. म्हणाली, "अरे, आपल्याकडे भूत आलं की लोक पळतात. यांच्याकडे भूत आलं की खुर्ची सरकवतात."

मग मला आठवलं, ओफेलियाच्या सोफ्याशेजारी एक लाकडी खुर्ची होती. तिच्यावर कुणी बसलं नव्हतं, पण तिच्यापुढे कॉफीचा एक भरलेला कप ठेवलेला होता. तो तिच्या गेलेल्या नवऱ्यासाठी, हे मला तेव्हा उमगलं. आईने त्याबद्दल मला एक अक्षर सांगितलं नव्हतं. तिला त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नव्हतं.

डिसेंबरच्या वीस तारखेला ओफेलिया ख्रिसमससाठी मुलाकडे निघाली. त्या दुपारी दोघींचा एक सिनेमा अर्धवट राहिला, टॅक्सी लवकर आली म्हणून. शेवटची पंधरा मिनिटं उरली होती. "आल्यावर बघू म्हणाल्या," आईने सांगितलं. जाता जाता ओफेलियाने डबा दिला, दालचिनीची साखर भुरभुरलेल्या कुरकुरीत पुऱ्या भरून. आईला ती 'कोमाद्रे' म्हणायची. म्हणजे नात्यातली नाही, पण नात्यापेक्षा जवळची. आईही तिला कोमाद्रेच म्हणायला लागली होती.

आठ जानेवारीला रूबेनचा फोन आला. झोपेतच गेली. तिथेच टेक्ससमध्ये पुरलं. घर तो मार्चमध्ये येऊन रिकामं करणार होता. तोवर आठवड्यातून एकदा आत जाऊन पाइप गोठले नाहीत ना एवढं बघशील का, म्हणाला. किल्ली त्याने पोस्टाने पाठवली.

आईला मी सांगितलं. तिने ओट्यावरचा डबा पुसायला घेतला. मग म्हणाली, "डबा आपल्याकडेच राहिला रे त्यांचा."

"आई, डबा तुझाच आहे."

"पण पाळी आपली होती ना."

संक्रांतीच्या दिवशी मी पाइप बघायला निघालो तेव्हा आईने डबा हातात ठेवला. आत तिळाच्या वड्या. "जातोच आहेस तर टेबलावर ठेवून ये. त्यांच्या फोटोपुढे." मला वाटलं, म्हातारीच्या मनाला बरं वाटेल, काय बिघडतं? तेच बिघडलं. मेलेल्या माणसाशी चाललेली देवाणघेवाण तिथेच थांबवायची असते. आम्ही पडलो रीतीभातीची माणसं, आम्ही डबा भरून दिला.

आत सगळं जागच्या जागी होतं. हीटर पाइप गोठू नयेत एवढ्यापुरता, पंचेचाळीस फॅरनहाइटवर, श्वासाची वाफ दिसत होती. टीव्हीची वायर जाताना ओफेलियानेच काढून, गुंडाळून, रबरबँड लावून टीव्हीवर ठेवली होती. मी नळ सोडून पाहिले, डबा टेबलावर ठेवला आणि कुलूप लावून आलो.

दोन दिवसांनी चहा करायला खाली आलो तर डबा आमच्या ओट्यावर.

"हा कुठून आला?"

"कोमाद्रेने पाठवला," आई म्हणाली. कणीक मळत होती, वर पाहिलंही नाही.

मी झाकण काढलं. तामाले होते. वाफ माझ्या चष्म्यावर आली, आणि ओल्या कणसाच्या पानांचा तो वास... मी किल्लीच्या खिळ्याकडे पाहिलं. किल्ली नव्हती, कारण ती संक्रांतीपासून माझ्या जॅकेटच्या खिशातच होती. मी खिसा चाचपला. होती.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, म्हणून मी स्वतःला शहाणपणाच्या चार गोष्टी सांगितल्या. कुणी नातेवाईक आला असेल. रूबेनला फोन केला. तो म्हणाला, "मिनेसोटात आमचं कुणीही नाही." मी फोन ठेवला आणि ते तामाले पिशवीत बांधून कचऱ्यात टाकले. डबा मात्र टाकवला नाही. त्याच्यावर आईचं नाव होतं. पुढच्या मंगळवारी सकाळी पाहिलं तर डबा ओट्यावर नव्हता, आणि कढईत शिऱ्याची खरवड लागलेली होती.

त्या दुपारी मी मीटिंगमध्ये होतो. आमचा मॅनेजर काहीतरी आकडे दाखवत होता. दोन वाजून गेले असतील. भिंतीपलीकडून हसू आलं. आईचं. ठसक्यासकट. मी सवयीने म्यूट केलं, आणि मग लक्षात आलं की तिच्या हसण्यात दुसरं एक हसणं मिसळलंय. जाडसर, घशातून येणारं, मधेच खोकला. ते मी दिवाळीपासून जवळजवळ दोन महिने मंगळवार-गुरुवार ऐकलं होतं.

मी जिने उतरलो तो कसा उतरलो मला माहीत नाही. खाली आई नव्हती. नेत्राचे बर्फाचे बूट दारातून गायब होते. बाहेर ताजा बर्फ पडला होता आणि त्यावर आईची पावलं, आमच्या पायरीपासून ओफेलियाच्या पायरीपर्यंत, सरळ. दार बंद होतं. मी किल्लीने उघडलं.

आई सोफ्यावर बसली होती. स्वेटर नाही, शाल नाही. तोंडासमोर वाफ. समोर टीव्ही बंद, वायर तशीच गुंडाळलेली, रबरबँड लावलेली. आई त्या काळ्या काचेकडे बघत होती आणि पोट धरून हसत होती. लाकडी खुर्ची आधीच्या जागी नव्हती. ती सोफ्याला चिकटून, आईच्या खांद्याला खांदा लागेल इतकी जवळ सरकवलेली होती.

मी दारातूनच म्हणालो, "आई..."

"शू... बस. संपतच आलाय."

"दार... दार कुणी उघडलं तुला?"

आईने माझ्याकडे असं पाहिलं, जसं लहान मुलाने भलतंच काही विचारलं तर आपण बघतो. "कुणी म्हणजे? ज्यांचं घर आहे त्यांनी."

मी तिचा हात धरून ओढला. हात थंडगार पडला होता. ती उठली, नाखुशीने, आणि दारात मागे वळून म्हणाली, "आता दहाच मिनिटं राहिलीत. परवा बघू."

घरी आल्यावर मी तिला दोन ब्लँकेटात गुंडाळलं, चहा पाजला, आणि विचारलं, सिनेमात काय चाललंय. ती खुशीत सांगू लागली. दोन मैत्रिणी असतात. एक मरते, पण रोज दुपारी दुसरीच्या स्वयंपाकघरात येऊन बसते. गावचा पाद्री येतो तिला घालवायला, तर ती त्याचाच मंत्र दुरुस्त करते. डॉक्टर येतो, तो कोंबड्यांत पडतो. ती काही जात नाही, कारण मैत्रीण रोज म्हणते, आलीच आहेस तर कॉफी घेऊन जा.

"आणि शेवट?"

"तोच तर बघायचाय."

संध्याकाळी मी लॅपटॉप घेऊन बसलो आणि तो सिनेमा शोधून काढला. शेवटची दहा मिनिटं पाहिली. मैत्रीण एके दिवशी कॉफीचे कप धुऊन ठेवते, चूल विझवते, डोक्यावरून शाल घेते. दोघी हातात हात घालून दारातून बाहेर पडतात, गावचा बँड वाजायला लागतो, लोक टोप्या उडवतात. रस्त्याने दोघी हसत हसत लांब जातात. मागे स्वयंपाकघर दिसतं. तिथे जिवंत मैत्रीण खुर्चीत बसलेली आहे, डोळे मिटून, मान कलती. तिच्या मुलाला अजून कळलेलं नाही. तो दारात उभा राहून तिला हाका मारतोय, आणि हा त्यातला सगळ्यात मोठा विनोद आहे.

मी लॅपटॉप मिटला. आईने तो शेवट बघता कामा नये, एवढं एकच मला कळत होतं.

आणि मग डोक्यात आलं, ती आपण होऊन जात नाहीये. डबा भरून जातो, डबा भरून येतो, आणि दर खेपेला सिनेमा थोडा पुढे सरकतो. मधे कुणीतरी एकाने तो रिकामा दिला की संपलं.

सकाळी डबा ओट्यावर होताच. मी त्यातलं न बघता फेकलं, घासून पुसून आईपुढे ठेवला. "आई, हा मी त्यांच्याकडे ठेवून येतोय. रिकामा."

"रिकामा? मेलेल्या बाईला? अरे, काय म्हणतील!"

"काही म्हणू देत. आई, तुझ्या पाया पडतो." आणि मी खरोखरच पडलो. चाळीस वर्षांचा माणूस, किचनच्या टाइल्सवर.

ती घाबरली असावी. मला उठवलं, बराच वेळ माझ्या तोंडावरून हात फिरवला. मग माझ्याकडे पाठ करून डबा ओट्यावर कोरड्या फडक्याने पुन्हा पुसला, झाकण लावलं आणि माझ्या हातात दिला. "जा. दे."

मी तो ओफेलियाच्या टेबलावर ठेवला. फोटोतली बाई हसत होती. मी मराठीत म्हणालो, "बाई, तुमचे उपकार आहेत. तुम्ही तिला हसवलंत, ते मला जमलं नव्हतं. पण आता पुरे." आणि पाठ न फिरवता, मागे मागे सरकत दारापर्यंत आलो.

त्यानंतर भिंत गप्प झाली. गुरुवार गेला, मंगळवार गेला. आईही गप्प झाली. पुन्हा खिडकीशी बसायला लागली. मी तिचं तिकीट अलीकडे ओढलं आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तिला विमानात बसवून दिलं. आठ हजार मैल! मला वाटलं, सुटलो.

ती पोचल्यावर चार दिवसांनी, इथल्या रात्री नऊला मी फोन केला. तिकडे सकाळ होती. आवाज छान खुलला होता तिचा.

"प्रल्हाद, तुला एक सांगायचं राहिलं होतं. रागावू नकोस. त्या दिवशी डबा मी रिकामा नव्हता दिला. तू उघडून बघणार नाहीस हे माहीत होतं मला. चिमूटभर साखर टाकली होती."

फोन कानाला धरूनच मी त्या भिंतीकडे पाहिलं.

"अरे, रिकामा कसा देणार? आणि बघ ना, त्यांनीही ठेवला नाही. आज सकाळी आपल्या दाराच्या कडीला पिशवीत अडकवलेला. माझाच, नाव आहे बुडाला. अजून गरम आहे..."

"आई, दार उघडू नकोस. ऐकतेस ना? कुणालाही दार उघडू नकोस. मी येतोय."

"ये की. पण दुपारी दोननंतर ये, हं. तोवर आम्ही..." आणि तिच्या मागे कुणीतरी फरशीवरून खुर्ची सरकवली. तो आवाज मी ओळखला. लाकडी खुर्चीचा.

फोन बंद झाला, पुन्हा लागला नाही. मी पहाटे विमानतळावर होतो. आठला नागपूरहून खालच्या मजल्यावरच्या इलाकाकूंचा फोन आला, रडत होत्या. संध्याकाळचा दिवा लागला नाही म्हणून त्या वर गेल्या होत्या. दार आतून बंद. फोडावं लागलं. आई खुर्चीत होती, डोळे मिटलेले, मान कलती. डॉक्टर म्हणाले, दुपारी दोनच्या सुमारास गेल्या, त्रास झाला नाही.

"पण प्रल्हाद, दोन कसे असतील रे?" इलाकाकू म्हणाल्या. "सव्वादोनला तर ती जिन्यात भेटली मला. शाल घेतली होती डोक्यावरून. बरोबर ती पाहुणी बाई होती ना, परदेशातली, हातात हात घालून दोघी खिदळत चालल्या होत्या. मला डबा देऊन गेली. म्हणाली, प्रल्हाद आला की त्याला दे."

तेरा दिवस करून मी परत आलो. नेत्राने सगळं ऐकून घेतलं आणि बहिणीकडे एडिसनला निघून गेली. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पहिल्याच दिवशी मी पलीकडे जाऊन पाहिलं. ओफेलियाच्या टेबलावर धूळ होती, आणि धुळीत डब्याएवढा स्वच्छ गोल.

डबा तो काय, तुमच्या मागे फडताळावर. बघा हवा तर, हात लावलात तरी चालेल, गार आहे. मी उघडलाय तो. आत काही नव्हतं. म्हणजे नाही म्हणायला बुडाशी होती, चिमूटभर साखर.

रूबेन शनिवारी येतोय. घर रिकामं करणार, टीव्ही, खुर्ची, सगळं देऊन टाकणार. त्याच्या आत मी हा डबा असाच, धुऊन रिकामा, तिकडे ठेवून आलो की कायमचं संपेल. मला ते कळतं. रोज सकाळी ठरवतो. पण दर मंगळवारी, दर गुरुवारी दोन वाजले की भिंतीपलीकडे ती हसते हो. अगदी ठसका लागेपर्यंत. दोन वर्षं मी ज्या हसण्यासाठी देव पाण्यात ठेवले होते, ते हसणं. डबा रिकामा गेला की तेही जाईल.

आज मंगळवारच ना? पावणेदोन झाले. तुम्ही निघा आता, रस्ते निसरडे होतील. आणि हो, मघाशी दारात तुम्ही विचारलंत, घरात वेलदोड्याचा वास कसला येतोय म्हणून, तेव्हा मी उत्तर द्यायचं टाळलं. सकाळी लवकर उठून मी बेसन भाजलं. लाडू गार झालेत आता, भरायचेच राहिलेत.